ताटाची डावी बाजू

मेट्टुगुड्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या मागच्या कोपऱ्याला गाडीचा डावा आरसा लागला आणि काडकन मोडून वायरीला लोंबकळत राहिला. रेणूच्या खांद्यापासून जेमतेम वीतभर. काच वर होती म्हणून बरं. ती ओरडली नाही. ओरडायला लागणारा श्वास आत गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. शिवराज गाडी चालवत होता, तो चालवतच राहिला. थांबला नाही, शिवी दिली नाही, बायकोकडे मानसुद्धा वळवली नाही. पुढच्या सिग्नलला त्याच्या बाजूने एक ऑटो येऊन टेकला. ऑटोवाल्याने मान बाहेर काढून आत पाहिलं आणि हसत म्हणाला, “क्या साब, उधर भाभी बैठे ना. कैकू मारने पे उतरे?” शिवराजही हसला, ओळखीचं कुणी भेटावं तसा. सिग्नल सुटल्यावर त्याने रेणूला विचारलं, तो काय म्हणत होता. आरसा मोडलाय, ती म्हणाली. शिवराजने उजवीकडच्या आरशाकडे पाहिलं. त्यात मागची वाहनं नीट दिसत होती. “आहे की,” तो म्हणाला. तारनाक्याला घराखाली गाडी लागेपर्यंत तो मोडका आरसा दाराच्या पत्र्यावर टकटक करत होता, आणि रेणू दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती.

मारने पे उतरे. ऑटोवाल्याचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण रेणू ही कुणाचंही बोलणं सोडून देणारी बाई नव्हती. सिकंदराबादच्या एका खासगी कॉलेजात ती पंचवीसएक वर्षं मानसशास्त्र शिकवत आली होती, आणि अलीकडे त्याहून मोठ्या वर्गापुढे बोलत होती. सौरभ नावाचा एक पुण्याचा मुलगा, हायटेक सिटीत नोकरी करणारा आणि शनिवार-रविवारी यूट्यूबचा चॅनल चालवणारा, दीडेक वर्षापूर्वी मराठी मंडळाच्या कोजागिरीला तिचं भाषण ऐकून तिच्या मागे लागला होता. मराठी वाचताना तो अडखळायचा, पण लोकांना काय ऐकायचंय ते त्याला अचूक कळायचं. ‘काकू, हे सगळं स्टार्सवर करा ना, लोक वेडे होतील,’ असं तो म्हणाला आणि लोक खरोखरच वेडे झाले. पहिल्याच भागात तिने सांगितलं होतं की मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपल्या आज्या कधीच सांगून गेल्या, मनोविश्लेषण एवढंच म्हणतं की ते नुसतं स्वप्नात नाही, चालताबोलताही दिसतं. मग ती एकेका प्रसिद्ध माणसाची चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून दाखवत गेली. ही नटी नवऱ्याचं नाव घेताना गळ्याला हात लावते. हा खेळाडू भावाबद्दल बोलताना घड्याळ काढून ठेवतो. महिन्यापूर्वी एका गायकाची गाडी दुभाजकावर चढून शेजारी बसलेल्या बायकोचा हात मोडला, तेव्हा तर सौरभ त्याच संध्याकाळी कॅमेरा घेऊन दारात हजर झाला. त्या भागात ती म्हणाली होती, “गाडी कुठे वळवायची ते हातांना आधी माहीत असतं, डोक्याला मागाहून कळतं.” हे वाक्य लोकांनी कापून, संगीत लावून, एकमेकांना पाठवलं. आता ते वाक्य तिच्याच कानात, तिच्याच आवाजात वाजत होतं, आणि तिला वाटत होतं की हे कुणी आपल्याबद्दल आपल्यालाच सांगतंय.

तिचं खरं नाव झालं ते मात्र त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या नटामुळे. ज्याच्या कटआउटवर सिनेमा लागला की पहाटे दुधाच्या पिशव्या फुटतात, असा तो नट. एका समारंभात मंचावर रांगेने उभ्या असलेल्या सगळ्यांशी त्याने हस्तांदोलन केलं आणि बायको मधे उभी असताना तिला वगळून पुढच्या माणसाचा हात धरला. दीड सेकंदाचा प्रसंग. रेणूने तो सात-आठ वेळा दाखवला आणि कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, “नजर चुकत नाही. नजर टाळते. जे आपल्याला नको असतं, ते आपल्याला दिसत नाही.” पाऊस सरता सरता ती दोघं वेगळी झाल्याची बातमी आली. मग काय विचारता! मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला तिच्यासमोर हात कुठे ठेवावेत याचा विचार करू लागल्या. स्टाफरूममध्ये ती शिरली की कुणीतरी पायावरचा पाय काढायचं. शिवराज तेवढा निर्धास्त. तो रेल्वेत सिग्नल खात्यात, साधा, गडगडाटी हसणारा माणूस, संध्याकाळी घरी आला की चपला काढताना विचारायचा, “मग डॉक्टरीणबाई, आज माझं काय निदान?” आणि ती म्हणायची, तुमच्या मनात काही नाहीच, निदान कशाचं करू. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख हेच होतं, की या एका माणसाला वाचावं लागत नाही. तो पाटीसारखा स्वच्छ होता.

दसऱ्यापासून तो तसा राहिला नाही. आधी ते तिला ताटात दिसलं. ही मूळची उदगीरकडची माणसं, निजामाच्या काळापासून हैदराबादेत. घरात तेलुगू बोलतील, उर्दू बोलतील, पण पान वाढायचं ते रीतीनेच. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी, मीठ वरती. सासूबाई असेपर्यंत या रीतीत बोटभर चूक चालायची नाही. भाजी-पोळी करायला आता बाई होती, पण डावी बाजू रेणू स्वतः करायची, कितीही उशीर झाला तरी. कारळाची चटणी तर शिवराजला तिच्याच हातची लागे. दसऱ्याच्या दिवशी त्याने सगळं जेवून डावी बाजू जशीच्या तशी ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि मग एकदा चटणी ताटात असताना, त्याच्या बोटांपासून चार अंगुळांवर असताना, तो म्हणाला, “आज चटणी केली नाहीस का?” त्याच्या स्वरात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाईने केलेलं सगळं संपलेलं आणि बायकोने केलेलं शिल्लक, असं ते ताट घेऊन रेणू ओट्यापाशी उभी राहिली, आणि ते तिला जुनं, फार जुनं ओळखीचं वाटलं.

कारण हे तिने पाहिलेलं होतं. तिचे वडील हिम्मतराव, सुलतान बाजारात कापडाचं दुकान. एका उन्हाळ्यात त्यांनी आईशी बोलणं सोडलं. का, ते कधी कळलं नाही. आईलाही कळलं नसावं. मारलं नाही, हाकललं नाही, नुसतं दिसेनासं केलं. आई मिठाची वाटी समोर धरून उभी असायची आणि ते भिंतीकडे पाहून म्हणायचे, “या घरात मीठ नाही का?” मग रेणूने आईच्या हातातून वाटी घेऊन त्यांना द्यायची. परकर-पोलक्यातली रेणू जिन्यावर वडिलांच्या चपला वाजल्या की आवाजावरून सांगू शकायची, आज काय होणार. गिऱ्हाईक आलं होतं की नाही, पान खाल्लंय की नाही, टोपी खुंटीला लावतात की गादीवर टाकतात. पुढे कॉलेजात मनोविश्लेषण शिकताना तिला एकही गोष्ट नवी वाटली नव्हती. तिला वाटलं, हे तर मला येतं, याला एवढी मोठी पुस्तकं कशाला. असं वर्ष-दीड वर्ष चाललं आणि मग एका दिवशी वडील दुकानाच्या माळ्यावर राहायला गेले ते परत आलेच नाहीत. महिन्याला पैसे येत राहिले. आई शेवटपर्यंत म्हणायची, त्यांनी मला सोडलं नाही हो, त्यांना मी दिसत नाही एवढंच. रेणू भीत असेल जगात कशाला तर त्या वाक्याला. परीक्षेला, आजारपणाला, म्हातारपणाला ती भीत नव्हती. आपण खोलीत असताना समोरच्याने आपण नसल्यासारखं बोलणं, याला भीत होती, आणि आता ते तिच्या घरात, तिच्या ताटात येऊन बसलं होतं.

तिने विचारलं नाही असं नाही. दिवाळीत एकदा सरळ विचारलं की अहो, माझं काही चुकलंय का, राग आलाय का तुम्हाला. शिवराजने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “कशाचा राग? मला कसला राग येणारे तुझा.” दुसऱ्या कुणाही बायकोने यावर सुटकेचा श्वास टाकला असता. पण रेणू गेली कित्येक वर्षं पोरांना शिकवत होती की ठामपणे नाही म्हणणं हा होकाराचाच पुरावा असतो, जितकं निर्मळ नाही तितकं दमन खोल. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि विश्लेषकाच्या मनात तर पौर्णिमाच. तो नाही म्हणाला तेव्हा तिला खात्री पटली. त्यानंतर रोज काही ना काही सापडत गेलं. वर्तमानपत्र वाचताना तो वैतागायचा, हल्ली काहीही अर्धवट छापतात, वाक्याला शेंडा ना बुडखा. तिने ताडलं की त्याला या घराच्या गोष्टी अर्ध्यातच सोडायच्या आहेत. सकाळी दाढी करून यायचा तर डावा गाल खुंटांनी भरलेला. तिने ताडलं की अर्धा चेहरा कुणासाठी तरी आहे आणि अर्धा आपल्यासाठी. नुमाइशला, जानेवारीतल्या त्या मोठ्या प्रदर्शनाला, ती दोघं दरवर्षी जायची; यंदा गर्दीत ती त्याच्या शेजारून चालत होती, आणि तो बोलता बोलता उजवीकडच्या गल्लीत वळून निघून गेला. ती तिथेच उभी राहिली, मिरचीभज्यांच्या धुरात, काश्मिरी शालींच्या दुकानापुढे. फोन केल्यावर तो म्हणाला, अगं तूच कुठे गेलीस. लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होते. पन्नाशी उलटलेली बाई, आपलंही नाव पुकारलं जावं असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली.

सगळ्यात वाईट प्रसंग संक्रांतीनंतरचा. शिवराज सोफ्यावर बसला होता. ती त्याच्या डावीकडून, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, चहा ठेवू का. त्याने मान उजवीकडे वळवली. उजवीकडे बेडरूमचं दार होतं, उघडं, आत कुणी नाही. त्या रिकाम्या दाराकडे पाहून तो प्रेमाने, अगदी जुन्या प्रेमाने म्हणाला, “ठेव की. आलं टाक थोडं.” त्या दारात त्याला कुणीतरी दिसत होतं. त्याच्या मनाने तिच्या जागी दुसरीला उभं केलं होतं आणि तो तिला आलं टाकायला सांगत होता. रेणूने चहा केला, आलं टाकलं, कप नेऊन त्याच्या हातात दिला, आणि त्या दारातल्या बाईसाठी आपण कामवालीसारखा चहा नेऊन दिला असं तिला वाटलं. लेक बंगळुरात होती; तिला सांगावं तर काय सांगावं? बाबा चटणी खात नाहीत, बाबा दाराशी बोलतात. लेक म्हणाली असती, आई, तू बाबांना तरी सोड.

म्हणून तिने ते लोकांना सांगितलं. सौरभ बरेच दिवस म्हणत होता की काकू, स्टार्स झाले, आता एखादी साधी केस घ्या, रिलेट होतं. एका भागात ती म्हणाली, ‘माझ्याकडे एक बाई आल्या होत्या’, आणि त्या बाईंचा नवरा बायकोने वाढलेलं तेवढंच कसं टाकतो, गर्दीत तिला कसा विसरतो, हे सगळं सांगितलं. बोलताना तिला हलकं वाटलं. खाली शेकडो लोकांनी लिहिलं. ताई, त्या बाईंना सांगा, उशीर होण्याआधी निघा. असाच माझ्या बहिणीचा नवरा होता. कुणीतरी लिहिलं, अहो त्या माणसाचे डोळे तपासून घ्या आधी. ते वाचून रेणूला हसू आलं होतं. तिने उत्तर दिलं, ‘काही आंधळेपण डोळ्यांत नसतं,’ आणि त्या उत्तराला पुष्कळ लोकांनी दाद दिली. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात राहिलं ते एकच, उशीर होण्याआधी निघा. आणि आता हा आरसा. इतके दिवस ती समजत होती की शिवराजला ती नको आहे. नको असणं आणि नसावी असं वाटणं यांत फार अंतर नसतं, हे तिने वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. गाडीत तिची जागा डावीकडची. गेल्या दोन महिन्यांत त्या बाजूला तीन ओरखडे, एक पोचा. उजवी बाजू लग्नातल्या नवरदेवासारखी चकचकीत. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या गाडीऐवजी मेट्रोने कॉलेजला जाऊ लागली आणि कारण विचारल्यावर म्हणाली, ट्रॅफिकचा त्रास. तो बरं म्हणाला. इतक्या सहज बरं म्हणाला की तिला रडू फुटायची वेळ आली. घरात ती आता त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नसे. गॅसपाशी उभी असली आणि मागे त्याची पावलं वाजली की मानेवरचे केस उभे राहत. पावलं तिला ओलांडून जात, फ्रिज उघडे, बंद होई. तिला वाटे, आज नाही.

त्या रविवारी सौरभ सकाळीच आला. तो दिवाणखान्यात दिवे, तिपाया, वायरी मांडत बसला आणि मांडता मांडता जेवणाच्या टेबलाशी रेणूची खुर्ची होती तिथे एक उंच दिवा उभा करून ठेवला. लग्न झाल्यापासून ती शिवराजच्या डाव्या हाताला बसत आली होती. सासूबाईंनीच बसवलं होतं तिथे, बायको वामांगी म्हणून. आता तिथे दिवा होता. भूक लागली होती, वायरी कोण हलवणार, म्हणून तिने आपलं ताट पलीकडे नेलं आणि ती त्याच्या उजवीकडे बसली. शिवराजने घास घेता घेता वर पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. अगदी अंधाऱ्या खोलीत बटण दाबावं तसा उजळला. “कुठं गेल्तीस सकाळपासून?” तो म्हणाला, “मी एकटाच जेवायलोय की.” आणि त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. ती सकाळपासून घरातच होती. त्याच्या अंगावरून चारदा गेली होती. पण तिने काही म्हटलं नाही, कारण तो तिच्याकडे पाहत होता, तिच्याच डोळ्यांत, दसऱ्यापासून पहिल्यांदा, आणि तिने हातातला घास तसाच ताटात ठेवला. सुटलं, तिला वाटलं. आतलं जे काही होतं ते सुटलं, परत आला माझा माणूस. तो बोलत होता, ऑफिसातलं काहीतरी, स्वतःच हसत होता. मग ताटाकडे पाहून म्हणाला, “चटणी नाही केलीस आज?” त्या आनंदात तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिने लाडाने त्याचं ताट धरलं आणि गरकन फिरवून दिलं, ही काय, डोळ्यांपुढे तर आहे. डावी बाजू उजवीकडे आली. शिवराज म्हणाला, “अरे वा,” आणि चटणी खाऊ लागला, बोटं चाटून, पुष्कळ दिवसांनी मिळाल्यासारखी. कोशिंबीरही संपवली. मग पोळीचा तुकडा हातात धरून तो ताटात शोधू लागला. भाजी ताटात होती, आता डावीकडे, भरलेलं वांगं, त्याने अर्धं खाऊन ठेवलेलं. तो शोधत राहिला आणि म्हणाला, “भाजी संपली का गं?”

रेणूचा हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला. कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही व्याख्यानात भीतीचं असं रूप तिने सांगितलं नव्हतं; ही भीती विचारातून आली नाही, ती बोटांतून वर चढली. आता त्याला वांग्याचा राग कसा असेल? वांगं बाईने केलं होतं. तिने ताट पुन्हा फिरवलं. “ही काय,” शिवराज म्हणाला आणि वांगं खाऊ लागला. ती उठली, दिव्याच्या वायरी ओलांडून त्याच्या डाव्या बाजूला गेली, आणि अहो म्हणाली. त्याने उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हं म्हटलं. तिने त्याच्या डाव्या डोळ्याजवळ हात हलवला, अगदी पापणीला वारा लागेल एवढ्या जवळ. तो जेवत राहिला. त्याचा डावा हात टेबलावर पडलेला होता, आमटी सांडलेल्या जागी, बाही भिजत होती आणि त्याला पत्ता नव्हता. तो हात तिने उचलला. जड होता. सौरभ दिवाणखान्यातून विचारत होता की काकू, लाइट ओके आहे का, आणि तिने त्याला हाक मारली ती इतक्या वेगळ्या आवाजात की तो हातातलं टाकून आत आला.

सिकंदराबादच्या हॉस्पिटलपर्यंत सौरभने त्यांना त्याच्या गाडीतून नेलं. शिवराज वाटेत चकित होऊन विचारत होता, मला काय झालंय, मी ठणठणीत आहे. तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, तेलुगू, केस घट्ट बांधलेली, रेणूला अम्मा म्हणून हिंदीत बोलत होती. तिने शिवराजला कागद-पेन देऊन घड्याळ काढायला सांगितलं. त्याने सुरेख गोल काढला, सिग्नलवाल्याचा सराईत हात. मग बारापासून सहापर्यंतचे आकडे बरोबर मांडले, आणि सातपासून अकरापर्यंतचे त्याच उजव्या अंगाला कोंबले, एकावर एक, गोलाच्या बाहेर जाईपर्यंत. डावा अर्धा गोल कोरा. कागद पुढे करून तो म्हणाला, झालं. डॉक्टर रेणूला बाजूला घेऊन समजावू लागली. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होतं, डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्या माणसापुरतं नाहीसंच होतं, आणि ते नाहीसं झालंय हेही त्याला कळत नाही. रेणूने विचारलं, म्हणजे ते मुद्दाम टाळत नव्हते? मनात काही नव्हतं? डॉक्टरने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि म्हणाली, “अम्मा, त्यांच्यासाठी ती बाजू नाहीच आहे. टाळणार कशाला?”

आणि रेणूला आनंद झाला. हे तिने नंतर कितीही वेळा उलटून पाहिलं असतं तरी दुसरा शब्द सापडला नसता. छातीत बसलेला तो श्वास सुटला, तोंडात गोडसं पाणी आलं. मी नकोशी नव्हते. दारात दुसरी बाई नव्हती. आरसा, चटणी, नुमाइशची गल्ली, सगळं सगळं निव्वळ आजार. पडद्याआड तिचा नवरा मेंदूत काय घेऊन पडलाय ते अजून कुणाला माहीत नव्हतं, आणि ती भिंतीला टेकून सुखावली होती. मग त्या सुखाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला दरदरून घाम फुटला. इतके दिवस ती दुसऱ्याच्या मनात खून शोधत होती. त्याने मला टाकण्यापेक्षा तो आजारी निघालेला बरा, हे कुणाच्या मनात होतं? किती दिवस होतं? डॉक्टरला, डोळ्यांच्या डॉक्टरला, कुणाला तरी एकदा दाखवावं हे तिला एकदाही सुचलं नाही, ते सुचलं नाही की तिने सुचू दिलं नाही? दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती तर तिने ती थांबवून, मागे नेऊन, सात-आठ वेळा दाखवली असती.

डॉक्टर विचारत होती, हे कधीपासून आहे. “आज,” रेणू म्हणाली. “आज जेवताना.” का म्हणाली ते तिला कळलं नाही; शब्द तिच्याआधी बाहेर पडले. डॉक्टरची चाल एकदम बदलली. आजच, म्हणजे दोन तासही झाले नाहीत, फार चांगलं झालं लगेच आणलंत. ती भराभर सांगू लागली की स्कॅन करू, रक्ताची गाठ झालेली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, वेळ घालवायचा नाही. सकाळी हे ठीक होते ना, नक्की ना? कारण दुखणं जुनं असेल तर त्याच इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पुन्हा विचारते. नर्सने शिवराजची खाट सोडवली, चाकं करकरली. रेणूने सवयीने डॉक्टरचा चेहरा वाचायला घेतला, भुवया, ओठ, हात कुठे आहेत. वाचण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरला फक्त तारीख हवी होती. शिवराज खाटेवरून नर्सला विचारत होता, मेरी वाइफ आई क्या, आणि रेणू त्याच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर उभी होती. सांगितलं तर ही पोरगी काय म्हणेल, सौरभ काय म्हणेल, बंगळुराहून लेक येईल ती काय म्हणेल, ते लाखो लोक काय म्हणतील. न सांगावं तर त्याच्या हातात सुई टोचणार होते.

“थांबा,” ती म्हणाली. “आज नाही. दसऱ्यापासून.”

डॉक्टरने नर्सला आगंडी म्हणून थांबवलं. मग ती परत आली आणि प्रत्येक शब्द वेगळा करून विचारू लागली की दसरा म्हणजे चार महिने झाले, या चार महिन्यांत काय काय दिसलं. रेणूने सांगितलं. ताट, दाढी, वर्तमानपत्र, गाडीचे ओरखडे, चहा. क्रमाने, एकही न वगळता, आणि तिच्या लक्षात आलं की आपला आवाज कॅमेऱ्यापुढे असतो तसा शांत, स्पष्ट लागलाय. डॉक्टर लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिने न राहवून विचारलं की इतकं सगळं तुम्हाला दिसत होतं, मग इतके दिवस तुम्ही काय करत होता.

“मी अर्थ लावत होते,” रेणू मराठीत म्हणाली. त्या क्षणी तिला दुसरी भाषा आठवली नाही. डॉक्टरला ते कळलं नाही. तिने सौरभकडे पाहिलं. सौरभला कळलं होतं. त्याने मान खाली घातली आणि ते वाक्य काही हिंदीत केलं नाही. तेव्हा रेणूनेच ते पुन्हा सांगितलं, डॉक्टरला समजेल अशा भाषेत, हळूहळू, आणि डॉक्टरने लिहायचं थांबवलं.